पाण्याखाली जायचं सामान

आमच्या घरात लग्न किंवा मुंज असली की जेवणं आटोपल्यावर दादा एक किस्सा सांगतो. दादा म्हणजे माझा मोठा चुलतभाऊ. किस्सा असा, की एका सुट्टीत खेळता खेळता मी त्या सगळ्यांना समुद्राच्या तळाशी सोडलं आणि होडी घेऊन चालू पडले. सांगताना तो दोन्ही हातांनी वल्ही मारून दाखवतो. लोक हसतात, नव्या सुना माझ्याकडे कौतुकानं बघतात. मी हसत नाही. "अजून राग गेला नाही वाटतं," असं म्हणून दादा पुन्हा हशा घेतो.

नाही गेला. तो जावा असं काही घडलेलंही नाही. दादाला तो किस्सा अर्धाच माहीत आहे, आणि माहीत असलेला अर्धाही तो चुकीचा सांगतो. म्हणून एकदा क्रमानं लिहून ठेवते.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती. मी चौदा वर्षांची होते. मालवणात आमचं घर बाजारापासून लांब आणि समुद्रापासून जवळ, चालत दहा मिनिटं. एका छपराखाली दोन कुटुंबं राहायची: माझे आईवडील आणि मी, काका-काकी आणि त्यांचे दोन मुलगे. वडील हायस्कुलात शिक्षक, काका कचेरीत. दादा तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंगला होता. मे महिन्याच्या सुट्टीत तो आला तेव्हा बॅगेत एका जाडजूड इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती होत्या. त्याच्या होस्टेलवरच्या कोणाच्या तरी भावानं ते परदेशातून आणलं होतं.

खेळ असा होता. प्रत्येकानं एक पात्र तयार करायचं: त्याची ताकद किती, अक्कल किती, श्वास किती, हे कागदावर आकड्यांत लिहायचं. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी खेळायचं. सांगणारा म्हणणार, तुमच्यासमोर जंगल आहे, तुम्ही काय करता? मग तुम्ही सांगायचं की मी झाडावर चढते. जमलं की नाही ते वीस बाजूंच्या फाशावर ठरायचं, आकडा मोठा तर जमलं. असला फासा मालवणात कुठून येणार? काकांच्या हाउझीच्या डब्यातले एक ते वीस आकडे मी कापडी पिशवीत घातले आणि आमचं काम भागलं.

सांगणारा अर्थात दादा. खेळ सांगताना तो मालवणी सोडून पुस्तकी मराठीत बोलायचा, कचेरीत अर्ज घेऊन गेल्यासारखा. खेळणारे आम्ही तिघं. दादाचा धाकटा भाऊ, माझ्याच वयाचा, तो झाला जादूगार. शेजारचा मुलगा, ज्याच्या घरचं बाजारात कापडाचं दुकान होतं, तो झाला राजपुत्र. मी झाले कुंभाराची मुलगी. पात्राच्या कागदावर 'स्त्री की पुरुष' असा रकाना होता, मी स्त्री लिहिलं. त्याचा पुढे एवढा अर्थ निघेल असं मला वाटलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात आम्ही जंगलं आणि किल्ले संपवले. मग दादानं जाहीर केलं, "आता तुम्हाला बुडालेल्या राज्यात जायचं आहे. समुद्राच्या तळाशी." मला जायचंच होतं.

याचं कारण सांगायला हवं. बारा वर्षांची होईपर्यंत मी समुद्रात जात होते. मग एका संध्याकाळी दादानं घरी येऊन सांगितलं की ही गळ्याएवढ्या पाण्यात होती आणि किनाऱ्यावर लोक उभे होते. दुसऱ्या दिवसापासून माझं जाणं बंद झालं. रागावलं कोणी नाही, मारलंही नाही. फक्त "आता पुरे" एवढंच. भावांचं मात्र पुरे झालं नाही. ते रोज ओल्या चड्ड्या मागच्या दारी वाळत टाकायचे आणि मी त्या दोरीवरून काढून घड्या करायचे. तेव्हा पाण्याखाली जायचा माझ्याकडे एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे हा खेळ. मी तयारीला लागले.

प्रत्येकाकडे पन्नास सोन्याची नाणी होती. पुस्तकात सामानाची किमतीसकट यादी होती. पाण्यात श्वास घेता येईल असं जादूचं औषध होतं, पण एका माणसाच्या एका घोटाला दीडशे नाणी. म्हणजे तिघांचं सगळं धन घालून एकच जण खाली जाणार. मुलांचं तेवढ्यावरच भांडण सुरू झालं.

"मी राजपुत्र आसंय, औषध माकाच."

"राजपुत्र असशीत घरात. जादू कोण करतलो थंय? तू?"

"तुजी जादू आगीची. पाण्यात आग पेटयतलंस काय, मेल्या?"

मी म्हटलं, औषध घ्यायचंच नाही. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी जेवायचंच नाही म्हटलं. मी वही घेतली आणि उठले.

काकी मागच्या पडवीत रातांबे फोडत होती. मेअखेर म्हणजे आमसुलांचे दिवस, तिचे हात मनगटापर्यंत लाल. काकी, म्हणजे दादाची आई, वालावलची. तिथं देवळाला लागून मोठं तळं आहे. तिच्या माहेरी विहिरीत कळशी पडली की गळ टाकत बसायचे नाहीत, हिलाच खाली सोडायचे. हे मला ती कधीतरी केस विंचरताना बोलली होती. घरात इतर कोणाला ते माहीत होतं की नाही, मला शंका आहे. तिच्या मुलांना नव्हतं.

"काकी, पाण्याखाली जावचां झाला तर काय काय होया?"

"कित्याक गो? खंय चललंस मरूक?"

"खेळात."

"मगे ठीक. गोडां पाणी की खारां?"

हा प्रश्न दादानं विचारला नव्हता. पुस्तकातही नव्हता. मी लिहून घेऊ लागले. खाऱ्या पाण्यात डोळे झोंबतात, पण माणूस लवकर बुडत नाही, तेव्हा खाली जायला वजन हवं. कान दुखतात, नाक दाबून आतल्याआत फुंकर मारायची, मग सुटतात. नेसूचं आवळून घ्यायचं, सैल कपडा पायात येतो. दिवा नेऊन उपयोग नाही.

"दोर तेवडो इसरा नको," ती म्हणाली. "वर खंय आणि खाली खंय तां कळणां नाय. दोर हातात असलो म्हणजे कळता."

श्वासाचं काय, विचारल्यावर ती हात धुऊन उठली. मला मागच्या हौदाकडे नेलं आणि तांब्या पालथा करून सरळ पाण्यात दाबला. "बग. वारो भितरच ऱ्हवलो. हंडो असोच घालूचो. तोंड भितर घालून श्वास घेवचो, परत भायर. पण हंड्याक धोंडो बांध. नायतर हंडो तुका घेवन वर येतलो."

पुस्तकात मोठ्या हंड्याची किंमत दोन नाणी होती. दीडशेचं काम दोन नाण्यांत. एवढा आनंद मला शाळेतल्या कुठल्या निकालानं दिला नाही.

त्या रात्री जेवणाआधी मी यादी पुरी केली. होडी एक, ती सगळ्यात महाग, म्हणून माझी सगळी नाणी तिच्यात गेली. बाकीचं दोघांच्या नाण्यांतून. हंडे तीन. धोंडे फुकट. दोर, वीस वाव. सुऱ्या तीन. राजपुत्राला तलवार आणि रेशमी अंगरखा हवा होता. मी त्याला हौदाकडे नेलं. "काठी पाण्यात घाल आणि तलवारीसारखी फिरव." त्यानं फिरवली. काठी म्हशीसारखी सावकाश वळली. "आणि माशान तवसर तुका खाल्ल्यान," मी म्हटलं. तलवार यादीतून गेली. अंगरखाही गेला, पण त्यावर तो दोन दिवस रुसून होता. कापडवाल्याचाच मुलगा.

तयारी नुसती कागदावर नव्हती. कुंभाराच्या मुलीचा श्वास किती हा आकडा मला खोटा लिहायचा नव्हता. न्हाणीघरात बादलीत तोंड घालून मी मोजत असे. पहिल्या दिवशी एकवीस, आठवड्यानं बेचाळीस. आई बाहेरून दार वाजवायची, "अगो, पाणी गरम करुक तिसऱ्यांदा ठेवलंय, झालां की नाय?"

यादी वाचून दाखवली तेव्हा दादानं पुस्तक पुढ्यात ओढलं. हंड्याची युक्ती पुस्तकात बसते का हे त्यानं अर्धा तास शोधलं आणि शेवटी मान डोलावली. मग त्याचा धाकटा भाऊ म्हणाला, "आणि नारळ?"

कोणी हसलं नाही. कोणी म्हटलं नाही की इंग्रजी पुस्तकातल्या समुद्राला नारळ कशाला. आम्ही मालवणची मुलं. नवी होडी पाण्यात घालायची आणि समुद्राला नारळ द्यायचा नाही, हे आमच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. मीच म्हटलं, "एक पुरूचो नाय. खाली जातलो तेणी आपलो आपण देवचो." आणि मीच लिहिलं: नारळ, प्रत्येकी एक. पुस्तकात नारळ नव्हता, तेव्हा दादानं त्याची किंमत एक नाणं ठरवली. पण प्रत्येकानं द्यायचा हा नियम माझा. ही माझी चूक, ती मी लपवत नाही.

शनिवारी दुपारी माडीवर बसलो. दादा पुस्तकी मराठीत सुरू झाला, "तुमची नौका अथांग जलराशीच्या मध्यभागी उभी आहे." मी वही उघडून ठेवली, पिशवीतले आकडे हलवून घेतले. मग नारळ पहिला कोणी द्यायचा यावर दोघं जुंपले. मान राजपुत्राचा की जादूगाराचा. गावात पालखीला खांदा देण्यावरून होतात तसलीच भांडणं ती, फक्त पालखी नव्हती. दादानं गावच्या मानकऱ्यासारखा हात वर करून दोघांना गप्प केलं. धाकट्यानं उभं राहून गाऱ्हाणं घातलं.

"बा समुद्रदेवा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे इली आसत. तेंच्या वाटेत काय आडवां-तिडवां असात तां दूर कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मीही ओरडले. माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

धाकट्यानं नारळ दिला. राजपुत्रानं दिला. मी म्हटलं, "आता मी देतंय."

दादानं माझ्याकडे बघितलं आणि मालवणीत आला. "तू खंय देतंस? बायकांनी नारळ फोडूचो नसता."

"फोडणंय नाय. देतंय पाण्यात."

"ताच तां."

"मगे नारळाशिवाय जातंय."

"तां कसां जमात? तुजोच नियम. खाली जातलो तेणी नारळ देवचो." मग पुन्हा पुस्तकी मराठी. "कुंभारकन्या नौकेत बसून दोर धरेल."

मला वाटलं तो गंमत करतोय. मी इतर दोघांकडे बघितलं. राजपुत्र म्हणाला, "कोणी तरी दोर धरूक होयोच मां." धाकटा म्हणाला, "आणि तूच सगळ्यात नीट धरशीत." त्याला खरंच वाटलं की हे कौतुक आहे. आजही कौतुकाचं हे माप मला रोज भेटतं: तू नीट करतेस, तेव्हा तूच कर.

"पुस्तकात खंय लिवलां? दाखय," मी म्हटलं.

"पुस्तकात नारळच नाय. नारळ तू घातलंस."

त्यानं दोघांना खाली सोडलं. आकडे काढले, हंडे बुडाले, धोंडे ओढू लागले. माझ्या हंड्यातला वारा राजपुत्रानं घेतला, काकीची फुंकर धाकट्यानं मारली. माझी प्रत्येक ओळ उपयोगी पडत होती. दादा सांगत होता, हिरवट उजेड, मोठमोठे खांब, खांबांमधून फिरणारे मासे. ते तो मुलांकडे बघून सांगत होता. मधूनच माझ्याकडे वळून, "दोर धरलंस मां?"

तिसऱ्यांदा त्यानं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "नाय. होडी वळयतंय."

"काय?"

"किनाऱ्याकडे. होडी माझी आसा, माझ्या नाण्यांची."

"असां करुक येणां नाय तुका!"

"खंय लिवलां? दाखय."

राजपुत्र ओरडला, "अगो, आमी मरतलंव!"

"मरा."

मी पिशवीत हात घालून आकडा काढला. सतरा आला. होडी व्यवस्थित वळली. एवढंच मी केलं. दादाच्या किस्स्यात मी खदाखदा हसत वल्ही मारते. मी हसत नव्हते. माझे दात एकमेकांवर इतके दाबलेले होते की कानात दुखायला लागलं होतं.

दादानं माझ्या पात्राचा कागद घेतला आणि फाडला. दोन तुकडे, मग चार. एकवीस-बावीस वर्षांचा, मिशा फुटलेला मुलगा, आणि त्यानं चौदा वर्षांच्या बहिणीचा कागद फाडला. हा भाग तो लग्नात सांगत नाही. "जा, तुका खेळूचीच अक्कल नाय," असं म्हणाला. मी आकड्यांची पिशवी आणि वही उचलली आणि जिना उतरले. तो वरून पिशवी मागत राहिला.

मी मागच्या पडवीत बसले. वहीच्या नव्या पानावर कुंभाराची मुलगी परत लिहून काढली, आकडे मला पाठ होते. होडी परत समुद्रात नेली. नारळ दिला, माझ्या हातानं. पिशवीतून आकडा काढला. एकोणीस.

आणि तिथंच अडलं. या खेळात खाली काय आहे हे दुसऱ्यानं सांगावं लागतं. आपलं आपण सांगितलं तर ती नुसती यादी होते. मी एकोणीसचा आकडा तळहातावर घेऊन बसले, आणि मग मात्र मला रडू आलं. रागाचं रडू. ते थांबवता येत नाही म्हणून आणखी राग.

काकी त्याही दिवशी तिथंच रातांबे फोडत होती.

"काय झालां?"

मी सांगितलं. नारळाचं, दोराचं, कागदाचं. तिचा हात चालू राहिला, पण सुरी जरा जोरात पडायला लागली.

"किती पडले तुजे?"

"एकोणीस."

"बरे की वायट?"

"बरे."

"मगे जा खाली."

"खाली काय आसा तां कोण सांगतलो?"

काकीनं बिया एका बाजूला सारल्या. "मी सांगतंय. लगीन झाल्यापासून तेवीस वर्सां पाण्यात गेल्लंय नाय, पण इसरलंय थोडीच? माका या घरात कोणी इचारूक नाय, म्हणान सांगूक नाय." हे तिनं माझ्याशी नाही, माडीकडे बघत म्हटलं. इतक्या वर्षांत तिचा तसला आवाज मी ऐकला नव्हता.

मग ती सांगू लागली. तिनं राज्य सांगितलं नाही, खांब सांगितले नाहीत. डोकं आत गेल्याबरोबर माणसांचे आवाज कसे तुटतात ते सांगितलं. वरचं पाणी अंगाएवढं ऊन, आणि गुडघ्यांना अचानक थंड लागतं, जणू खाली वेगळं तळं आहे. उजेड आधी हिरवा, मग चहासारखा. मासे पायाच्या बोटांना तोंड लावून बघतात, चावत नाहीत. आणि तळ्याच्या पायऱ्या पाण्यात संपत नाहीत, खाली जातच राहतात. उन्हाळ्यात पाणी आटलं तरी शेवटच्या दिसत नाहीत. तिनं हातांनी मोजलेल्या आहेत.

"सातव्या पायरेर इलंस," काकी म्हणाली. "आता तू काय करतंस?"

खेळ तिला कोणी शिकवला नव्हता.

"हंड्यात श्वास घेतंय," मी म्हटलं, "आणि फुडे जातंय."

माडीवरून दादाची हाक आली. "आई गो! चाय कर तिघांक! आणि तिका सांग पिशयी आणून दी!"

काकी उठली नाही. तिनं पुढचा रातांबा उचलला.

"जावन सांग तेका," ती म्हणाली, "तुजी आवस पाण्यात आसा."

मी जिन्याखाली उभी राहून ते तसंच्या तसं ओरडून सांगितलं. वरून "काय?" असा आवाज आला. मी पुन्हा सांगितलं नाही. पडवीत परत आले, पाय पोटाशी घेऊन बसले. काकीनं विचारलं, खंय होतंव आमी, आणि मी म्हटलं, आठव्या पायरेर.